२५ जून ८३ च्या रात्री तुमच्या घरी कोण झोपलं होतं?

ओटलेवाला
इंदूरचं रामबागेतलं जुनं घर रिकामं करायला घेतलंय. काल माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत बाबांचा ट्रान्झिस्टर सापडला. चामड्याच्या कव्हरातला, पट्टा तुटल्यावर सुतळी बांधलेला. मागचं झाकण काढलं तर आत सेल फुटून हिरवा-पांढरा थर बसलेला. कव्हर सोलून काढताना पाठीमागे खुपसलेला एक कागद हाती लागला, चार घड्या घातलेला. एका बाजूला दुधाचा हिशेब, जून महिना, अर्धा लिटर, अर्धा लिटर, खाडा. दुसऱ्या बाजूला एकाखाली एक आकडे:

५, ५०, ५७, ६६, ६६, ७६, ११९, १२४, १२६.

मी बराच वेळ तो कागद धरून ट्रंकेवर बसलो. दोन वेळा ६६ बघितल्यावर ट्यूब पेटली. गोम्स आणि लॉइड! वेस्ट इंडीजच्या विकेटा कितीवर पडल्या ते!

तर आमच्या घरात चाळीस वर्षं चालत आलेली गोष्ट अशी. शनिवार होता, वर्ल्डकपची फायनल, समोर वेस्ट इंडीज. आपले १८३ झाले, सगळे बाद. साठ ओव्हरींचा सामना आणि पूर्ण साठ खेळूही शकलो नाही. बाबांनी रेडिओ कट्ट करून बंद केला, म्हणाले, "झालं. पानं घ्या." जेवून गच्चीवर गादी टाकली आणि झोपले. आजोबांनी मग रेडिओ आपल्या उशाशी नेऊन लावला. आजोबांनी यशवंत क्लबवर सी. के. नायडूंचे षटकार बघितलेले, होळकरांची टीम रणजी जिंकली ते सगळे दिवस अनुभवलेले, त्यामुळे आपण हरू शकतो हे त्यांना तत्त्वतः मान्यच नव्हतं. सेमीफायनल मँचेस्टरला होती तेव्हाही म्हणाले, "तिथे आपल्या मुश्ताक अलीने ३६ साली शंभर केलेत, ग्राउंड आपलंच आहे."

रात्री बारा वाजता गल्लीत बोंब उठली तेव्हा बाबा वरून ओरडले, "चोर आला का?"

हे वाक्य बाबांना शेवटपर्यंत पुरलं. दर वर्ल्डकपला कोणीतरी म्हणायचंच. बाबा जाऊन आता नऊ वर्षं झाली. मी तेव्हा अकरा वर्षांचा. तुमच्याकडे काय झालं होतं त्या रात्री? कोण जागं, कोण झोपलेलं? लिहा. ८३ च पाहिजे असं नाही, आपलं कोणी गिणतीत नसताना जिंकलं ती कुठलीही मॅच चालेल.

पोहेविदाउटजलेबी
आमच्याकडे मी झोपलो होतो. जन्मच व्हायचा होता, त्यामुळे माफ करा.

काकू_जेलरोड
अहो त्या दिवशी ज्येष्ठ पौर्णिमा होती! मी कॅलेंडर नाही बघत, मला लक्षात आहे, कारण आमची वटपौर्णिमा आणि तो सामना एकात एक अडकलेत. लग्नानंतरची पहिलीच. वडाला दोरा गुंडाळून सात जन्म हाच नवरा मागून आले आणि नवरा संध्याकाळी साडेतीनपासून रेडिओला चिकटून बसलेला. पाणी दिलं तर ग्लास हातात धरून तसाच. मी म्हटलं, देवा, सात जन्म हेच का?
शेजारच्या हिंदी बायका हसायच्या, त्यांची वट अमावास्येला पंधरा दिवस आधीच होऊन जाते ना.
कपिलने रिचर्ड्सचा कॅच घेतला तेव्हा ह्यांनी मला उचललं. सासूबाई समोर. मी दोन दिवस मान वर केली नाही.

माळवीमिरची
काकू 😂😂 मग सात जन्मांचं काय ठरलं

काकू_जेलरोड
हा पहिलाच चाललाय, बघू

दांडियाबाजारकर
बडोद्याहून. आमचे मोठे काका सेमीच्या आधीचा तो झिम्बाब्वेचा सामना, कपिलचे १७५, अजून डोळ्यासमोर उभा करतात. टीव्हीवर पाहिलेला. तो पुल कसा मारला ते झाडू घेऊन करून दाखवतात. १७ वर ५ गेले होते, कपिल आंघोळ करत होता, ओल्या केसांनी आला वगैरे सगळं.

ओटलेवाला
दांडियाबाजारकर, काकांना साष्टांग नमस्कार. पण बीबीसीचा त्या दिवशी संप होता. टनब्रिज वेल्सला कॅमेराच नव्हता, जगात त्या खेळीचं चित्रीकरण नाही.

दांडियाबाजारकर
ते मलाही माहीत आहे हो. काकांना सांगायची हिंमत कोणाची? वय ८१. दोन वर्षांपूर्वी भाच्याने सांगून बघितलं तर म्हणाले, "संप तिकडे असेल, बडोद्यात नव्हता."

पोहेविदाउटजलेबी
बडोद्यात नव्हता 😭 हे मी घरात वापरणार

लष्करवाली
मी ग्वाल्हेरची, पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझ्या आईबाबांचं लग्न त्या मॅचमुळे झालं. खरंच.

त्या शनिवारी बाबांकडची मंडळी आईला बघायला आली होती. लष्कर भागातलं घर, दिवाणखान्यात गालिचा, चहाचे नवे कप. मुलगा, त्याचे आईवडील, मामा. आई आत, साडी नेसून, पोह्यांवर खोबरं पेरत. आणि मधल्या खोलीत माझ्या मामाने रेडिओ बारीक आवाजात लावलेला, आजोबांना कळू नये म्हणून. आई ट्रे घेऊन बाहेर आली. मुलाच्या वडिलांनी नेहमीचं विचारलं, शिक्षण, शिवण, गाणं येतं का. मग मुलाला म्हणाले, तुला काही विचारायचं तर विचार. बाबा बिचारे लाजाळू. त्यांनी विचारलं, "तुम्हाला क्रिकेट आवडतं का?"

आई म्हणाली, "गावसकर दोनवर गेला."

बस. आमच्या घरातली ही रामायणातली ओळ आहे. बाबांचं तोंड पडलं, पण आईला वाटलं ते तिच्या उत्तराने पडलं. पाहुणे जे बसले ते बसलेच. पोह्यांचा दुसरा घाणा झाला, मग आजीने भात टाकला, मग पिठलं. मामाने रेडिओ दिवाणखान्यात आणला. श्रीकांतचे ३८ बाबांनी उभ्याने ऐकले म्हणे. शेवटी किरमाणी आणि संधूने जे २२ रन जोडले त्यात दोन्ही आजोबा मांडीला मांडी लावून बसले होते. संधूच्या हेल्मेटवर मार्शलचा बॉल लागला तेव्हा माझी एक आजी "अगं बाई" म्हणाली आणि दुसरीने तिचा हात धरला. पसंती कोणी विचारली, कोणी दिली, काही कोणाला आठवत नाही. रात्री साडेबाराला निघताना मुलाची आई म्हणाली, "तारीख कधीची धरू या?"

आईचं म्हणणं, तिने ते वाक्य मुद्दाम टाकलं. बाबांचं म्हणणं, ती घाबरून बोलली. दोघंही आता सत्तरीकडे निघालेत, यावर अजून अबोला होतो.

माळवीमिरची
धागा इथेच बंद करा, यापुढे काय लिहिणार कोणी

काकू_जेलरोड
लष्करवाली, आईला माझा नमस्कार सांग. मुद्दामच टाकलं असणार. बायका घाबरल्यावर स्कोअर सांगत नाहीत.

जुनाविजय
वय ७६, थोडं मोठं होईल, सांभाळून घ्या.
तुम्ही लोक ८३ म्हणता, आमच्यासाठी पहिलं आश्चर्य ७१ चं. वाडेकर कप्तान. आधी वेस्ट इंडीजला त्यांच्या घरी, मग इंग्लंडला त्यांच्या घरी. २४ ऑगस्ट, ओव्हल. चंद्रशेखरने ३८ रन देऊन ६ घेतले, इंग्लंड १०१ वर साफ. गणपतीचे दिवस. लंडनमध्ये लोकांनी मैदानात हत्तीण आणली होती, बेला नावाची. मी तोपखान्याजवळ राहायचो, आरतीच्या मध्येच कोणीतरी येऊन निकाल सांगितला आणि "सुखकर्ता" एकदम दुप्पट वेगात सुरू झाली.
मग इंदुरात त्या टीमच्या सन्मानार्थ काँक्रीटची भलीमोठी बॅट उभारली. विजय बल्ला. खेळाडूंची नावं त्यावर. आम्ही मित्र रविवारी तिथे जाऊन उगाच उभे राहायचो.
७४ ला तीच टीम, तेच इंग्लंड, तिन्ही कसोट्या हरली. लॉर्ड्सवर ४२ ऑल आउट. आणि आपल्याच गावच्या लोकांनी त्या बॅटवर डांबर फासलं. ते डांबर मी बघितलंय. गरम डांबराचे ओघळ नावांवरून खाली आलेले.
म्हणून ८३ ला सगळे नाचत होते तेव्हा माझे वडील पायरीवर बसून म्हणाले, "नाचा. पण डांबर फेकू नका, लागेल."

ओटलेवाला
काका, हे मला माहीतच नव्हतं. मी बल्ला बघितलाय पण डांबराची गोष्ट घरी कोणी सांगितली नाही.

जुनाविजय
कोण सांगेल. फासणारे पण इथलेच ना.
आणि लागलंच असतं. त्याच वर्षी १ डिसेंबरला वेस्ट इंडीज नेहरू स्टेडियमवर आले. इंदूरची पहिली वनडे. आपण विश्वविजेते. त्यांनी आपल्याला असं धुतलं की बोलायची सोय नाही. पाचही वनडे हरलो त्या मालिकेत.

चौथीसीट
मी होतो त्या मॅचला! सहा वर्षांचा, मामाच्या खांद्यावर. मला फक्त शेंगदाण्याची पुडी आणि कोणाचा तरी घामट शर्ट आठवतो. क्रिकेट शून्य.
पण २५ जूनच्या रात्रीचं नीट आठवतं. पप्पांची बजाज स्कूटर, मी पुढे उभा, मागे मम्मी, तिच्या मांडीवर ताई, आणि कसा कोण जाणे शेजारचा गुड्डूपण. राजवाड्याला. इंदुरात काही झालं की माणूस राजवाड्यालाच जातो, का ते विचारू नका. रात्री एकला तिथे पाय ठेवायला जागा नाही. दिवाळीचे उरलेले सादळलेले फटाके, दहातले तीन उडायचे, बाकीचे नुसते फुस्स. तेव्हा राजवाड्याचे वरचे लाकडी मजले शाबूत होते, पुढच्याच वर्षी दंग्यात जळले ते. सराफ्यात दुकानवाल्याने पप्पांकडून पैसे घेतले नाहीत. एक माणूस मोठ्याने रडत होता आणि कढईत झारा फिरवत होता. मला वाटलं त्याला चटका बसला.

इंदुरीसेव
सराफ्यात तेव्हा भुट्ट्याचा कीस मिळायचा का? जूनअखेर म्हणजे भुट्टे आलेले नसतील

चौथीसीट
मालपुवा खाल्ला. कीस पावसात.

माळवीमिरची
कीस घरी करताना दूध आधी की नंतर? माझा चिकट होतो दर वेळी

काकू_जेलरोड
आधी तुपात नीट परत, खमंग वास सुटू दे, मग थोडं थोडं दूध. आणि भुट्टे कोवळे घे. मिक्सरमध्ये घालू नकोस, किसणीवर कीस.

दांडियाबाजारकर
विषय सोडून: आमच्या बडोद्यात २००७ ला आमची रात्र झाली. टी-ट्वेंटी फायनल, समोर पाकिस्तान. मोठे सगळे घरी बसलेले, टीम कोवळ्या पोरांची, कोणाला आशा नव्हती. इरफान मॅन ऑफ द मॅच, यूसुफची पहिलीच मॅच आणि ओपनिंगला पाठवला. मांडवीत त्या रात्री जे काही होतं ते... आमच्या आईने देवासमोर दोन दिवे लावले, म्हणाली दोघं भाऊ आहेत, एक कशाला.

पोहेविदाउटजलेबी
द्रविड पण आपल्या इंदूरचा जन्म बरं का. आणि लताबाई. ८३ च्या टीमला बक्षीस द्यायला बोर्डाकडे पैसे नव्हते तर लताबाईंनी दिल्लीत कार्यक्रम केला, त्यातून प्रत्येकाला एकेक लाख मिळाले. म्हणजे वर्ल्डकपचं बक्षीस पण इंदूरनेच दिलं असं मी मानतो.

इंदुरीसेव
हो बाबा, लॉर्ड्स पण पलासियाला होतं

सुनीलवॉल्सनफॅन
त्या चौदा जणांत एकटा वॉल्सन एकही मॅच खेळला नाही. तरी वर्ल्डकप विजेता. आमच्या ऑफिसात मी तोच आहे, म्हणून हे नाव.

ताई_मधली
हॅलो. ओटलेवाला हा माझा धाकटा भाऊ. लिंक भाचीने पाठवली. अरे शहाण्या, चारचौघात बाबांची टर उडवण्याआधी मला विचारायचं होतंस. बाबा झोपले नव्हते.

मी पाण्याचा तांब्या द्यायला गच्चीवर गेले होते. दहा वाजून गेले असतील. ढग होते, मधून मधून चंद्र. बाबा गादीवर नव्हतेच. कठड्याला टेकून बसलेले, शेजारच्यांच्या रेडिओकडे कान लावून. त्यांचा आवाज मोठा असायचा. मला बघून म्हणाले, "खाली सांगू नकोस." आजोबांसमोर "झालं" म्हणून बसले होते ना, आता कसं उतरणार खाली? मी चाळीस वर्षं नाही सांगितलं. आणि "चोर आला का" हे त्यांनी मुद्दाम ओरडलं. खाली आले तेव्हा डोळे चोळत आले, पण हातात विडी होती विझायला आलेली. झोपलेला माणूस विडी ओढत येतो का?

ओटलेवाला
ताई, हे तू आत्ता सांगतेस????

माळवीमिरची
अरे देवा. आता कुटुंब पंचायत बसणार. मी पोळ्या करत करत वाचतेय, एक करपली

ताई_मधली
आणि तो कागद बघ नीट. शेवटचे तीन आकडे शाईत असतील, आधीचे शिसपेन्सिलीत. बरोबर?

ओटलेवाला
थांब बघतो
हो. ७६ पर्यंत पेन्सिल. ११९, १२४, १२६ शाई. निळी. तुला कसं माहीत?

ताई_मधली
कारण वरचे आई लिहीत होती, आजोबा सांगतील तसे. मग त्यांचा दूझॉं टिकला तेव्हा आईला झोप लागली, बाबा हळूच जिन्यात येऊन बसले होते, ते मी पाहिलंय. शाईचं पेन घरात एकच होतं. बाबांच्या खिशातलं. त्याला कोणी हात लावायचा नाही.

दादा_थोरला
ड्यूजाँ.
बाकी ताईचं सगळं खरं असेल पण पेन मी घेतलं होतं. बाबांचा शर्ट खुंटीला होता. शेवटचे तीन मी लिहिलेत. दहावीत होतो, एवढं आठवतं मला.

ताई_मधली
दादा तू तेव्हा आजोबांच्या पायाशी घोरत होतास

दादा_थोरला
मी घोरत नाही.

ताई_मधली
वहिनींना विचारू का इथेच

पोहेविदाउटजलेबी
🍿 सेव टाकून

जुनाविजय
१४० कुठे आहे पण? होल्डिंग पायचीत, अमरनाथ. शेवटची विकेट.

ओटलेवाला
नाही काका, १२६ वर कागद संपलेला नाही, खाली जागा आहे. पण १४० लिहिलेलं नाही.

काकू_जेलरोड
१४० लिहायला कोण बसेल हो! सगळे रस्त्यावर गेले असतील पेन टाकून.

लष्करवाली
फोटो टाका ना कागदाचा. अक्षर बघून आम्ही सांगतो.

ओटलेवाला
फोटो बघून काही ठरणार नाही. बाबा कचेरीत होते, इंग्रजी आकडे काढायचे. हे सगळे मराठी आहेत. दादाचा ९ उलट्या ६ सारखा असायचा, त्यावरून मार खाल्लाय त्याने, हा तसा नाही. ११९ मधला ९ मस्त शेपटीवाला आहे. एवढी शेपटी घरात फक्त आजोबा काढायचे. पण आजोबांचे डोळे तेव्हा गेलेले.

दादा_थोरला
माझा ९ दहावीपर्यंत सुधारला होता.

इंदुरीसेव
आईंना विचारा की. आहेत ना?

ओटलेवाला
आहे, माझ्याकडेच असते. ८६. आत्ता झोपेतून उठली, चहा झाला की विचारतो.

ताई_मधली
विचारताना नीट विचार, तिच्या तोंडात उत्तर घालू नकोस

सुनीलवॉल्सनफॅन
मी मीटिंगमध्ये आहे आणि हे रिफ्रेश करतोय

माळवीमिरची
एक शंका, इंदूरचे असून खाडा कसं लिहिता? आमच्याकडे दुधाचा नागा म्हणतात

ओटलेवाला
आई पुण्याची.
विचारलं. चष्मा लावून कागद हातात घेतला. आकडे एकदा बघितले, "हां, ते मॅचचं" म्हणाली. मी म्हटलं, आई, खालचे तीन कोणी लिहिले? तिने कागद उलटा केला आणि बोट फिरवत दुधाचा हिशेब वाचायला लागली. दोनदा वाचला. मग म्हणाली, "त्याने खाडे दोनच धरलेत. तीन होते. अर्ध्या लिटरचे पैसे जास्त घेतले मेल्याने."